पाव्हण्याला सगळं सांगणारे अण्णा

रंगनाथअण्णा चहा मागवतात तो असा: "हे बघ, तू लई वर्षं चहा केलेला मुरलेला माणूस आहेस. मी शुगरवाला माणूस. मला अर्धा कप पाहिजे. अद्रक घाल, साखर बिलकुल नको. आन् बिनसाखरेचा चहा देताना लोक जे दुखवट्याचं तोंड करतेत, तसं करू नको." कॅन्टीनवाला बापू हे सगळं मान खाली घालून ऐकतो आणि रोजचाच चहा देतो. अण्णा एक घोट घेऊन माझ्याकडे वळतात. "बघा, बराबर सांगितलं की बराबर मिळतं."

जालन्याच्या एमआयडीसीत बियाण्याच्या एका कंपनीत आम्ही दोघं नोकरीला आहोत. अण्णा माल रवाना करण्याचं बघतात, मी शेजारच्या टेबलावर बिलं बघतो. कंपनीनं सगळ्यांना एआयचं चॅट दिलं आणि ते शिकवायला एक मॅडम आल्या. त्या म्हणाल्या, आधी त्याला सांगा तू कोण, मग मी कोण, मग काम काय, आणि शेवटी काय नको ते. आम्ही बाकीचे जांभया आवरत होतो. अण्णा मात्र खुर्ची पुढे ओढून बसले. त्या दिवसापासून त्यांनी हा मंत्र माणसांवरही चालवायला घेतला.

एआयला ते 'पाव्हणा' म्हणतात. "पाव्हणा लई हुशार आहे, पण आपल्या घरात नवा आहे. मोरी कुठं, देवघर कुठं, त्याला काय माहीत? अर्धं सांगितलं की पुढचा चुकलाच."

एकदा परतूरच्या एका दुकानदाराचा माल उशिरा गेला. पेरणी तोंडावर आलेली, तो भडकला. मी एआयला म्हटलं, दिलगिरीचं पत्र लिही. त्यानं असं गोडमिट्ट पत्र दिलं की वाचून मलाच राग आला. अण्णांनी मला खुर्चीवरून उठवलं आणि स्वतः बसले. "तू बियाण्याच्या धंद्यात केस पांढरे केलेला माणूस आहेस," त्यांनी सुरुवात केली. मग दुकानदाराचा स्वभाव आला, तो तोंडानं कडक पण माल परत न पाठवणारा आहे हे आलं, त्याच्या गिऱ्हाइकांची घाई आली. "माफी माग, पण पाया पडू नको. 'आपल्या अमूल्य सहकार्याबद्दल' असलं काही लिवलं तर मी वाचणार न्हाई." पत्र गेलं. दुकानदाराचा फोन आला, "हे कोणी लिवलं? माणूस चांगला दिसतोय."

तेव्हापासून ऑफिसातला प्रत्येक जण अडला की अण्णांकडे यायला लागला. घरी मात्र हे कौतुक नव्हतं. सुमनवहिनी एकदा मला म्हणाल्या, "यांना मेथी आणाय पाठवलं, तर त्या भाजीवालीला आमच्या घरात कोणाकोणाचे दात हलतेत ते सांगत बसले. मेथी संपून गेली."

या वर्षी अण्णांच्या मुलीचं लग्न ठरलं. पत्रिका छापून आल्या आणि अण्णांनी सगळ्या पाहुण्यांना घरोघर जाऊन अक्षता दिल्या. राहिलं एकच घर, वाटूरचं, त्यांच्या थोरल्या भावाचं. दोघांत बरीच वर्षं बोलणं नव्हतं. का, ते अण्णा सांगत नसत. पण आमच्याकडच्या रीतीप्रमाणे घरातल्या वडीलधाऱ्याचं नाव पत्रिकेत सगळ्यांत वर असतं, आणि अण्णांनी दादांचं नाव तिथे छापून घेतलं होतं, दादांना न विचारता. आता ते आले नाहीत तर मांडवात प्रत्येक जण तेच नाव वाचणार आणि तोच माणूस शोधणार. अण्णा एका रविवारी वाटूरला निघालेही, पण अर्ध्या वाटेतून परत आले. मला म्हणाले, गाडीत हवा कमी होती.

शेवटी एका दुपारी डबा खाता खाता त्यांनी मोबाईल काढला आणि पाव्हण्याला कामाला लावलं. बराच वेळ टाईप करत होते. उत्तर आलं, त्यांनी ते मला वाचून दाखवलं. "आदरणीय दादा, सादर वंदन" अशी सुरुवात होती. छान होतं, थोडं बँकेच्या पत्रासारखं. अण्णांनी ते कॉपी करून दादांना पाठवलं आणि चपातीचा तुकडा मोडला. मग स्क्रीनकडे पाहिलं आणि तुकडा हातातच राहिला.

पाव्हण्याच्या उत्तराऐवजी त्यांनी पाव्हण्याला लिहिलेलंच दादांना गेलं होतं. मी मोबाईल घेऊन वाचला.

"तू माझ्यासारखा घरातला धाकटा भाऊ आहेस. माझा दादा वाटूरला असतो. लहानपणी बाजारात माझे पाय दुखले की खांद्यावर घ्यायचा. आता बोलत न्हाई, आन् त्याचं बराबर आहे. आई माझ्याकडं दवाखान्यात व्हती तवा मी फोनवर एवढंच म्हणलं, आईला जरा बरं न्हाई. त्याला घोर नको म्हणून म्हणलं. 'जरा' ऐकून तो कापसाच्या वेचणीला थांबला. त्याला आईचं तोंड दिसलं न्हाई. लग्नाचं निमंत्रण मानानं लिही. चूक माझी व्हती हे लिहू नको, मला कमीपणा येतो. पत्रिकेत न विचारता नाव टाकलं हेबी लिहू नको. पोरगी रोज विचारते, मोठे बाबा येणार का, आन् मी विषय बदलतो, हे तर बिलकुल लिहू नको."

मी म्हटलं, "अण्णा, डिलीट करा, जल्दी." पण दोन्ही रेघा निळ्या झाल्या होत्या.  थोड्या वेळानं फोन वाजला. शेडमधल्या मशिनींच्या आवाजामुळे अण्णांना स्पीकर लावायची सवय, तो लागलाच.

"रंग्या, हे कोणाला लिवलंस?"

"मशीनला, दादा."

"मशीनला सांगितलंस. मला न्हाई सांगितलं कधी."

अण्णा म्हणाले, "घाबरलो व्हतो दादा. आई बरी होईल वाटलं. मंग तुला सांगायचं तोंडच राह्यलं न्हाई."

 मग दादा म्हणाले, "मोबाईलवरचं निमंत्रण मी घेत नसतो. घरी येऊन अक्षता दे."

"आज येऊ?"

"मंग? मुहूर्त काढतो का?"

पत्रिका आणि अक्षता अण्णांच्या बॅगेत कधीपासून पडून होत्या. डबा तसाच टाकून ते उठले आणि मला म्हणाले, "तुम्ही बी चला. माझ्यानं एकट्यानं त्या दारात पाय टाकवणार न्हाई." साहेबांना सांगून मी त्यांच्या गाडीवर मागे बसलो.  वाटेत मला त्यांची फार काळजी वाटत होती.

घरापर्यंत जावंच लागलं नाही. धोतर-टोपीतला एक म्हातारा वाटूर फाट्यावरच येऊन उन्हात उभा होता. अण्णा गाडीवरून उतरले आणि बॅगेतली पत्रिका काढायला लागले. चेन उघडेना. दादा जवळ आले, त्यांनी बॅग काढून माझ्याकडे दिली आणि भावाच्या पाठीवर हात ठेवला.

"जेवलास का?"

"न्हाई," अण्णा म्हणाले, आणि भर फाट्यावर लहान पोरासारखे रडायला लागले.