साठ टक्क्यांचे मास्तर

आमच्या आप्पा मास्तरांनी उभ्या आयुष्यात कोणाला पैकीच्या पैकी मार्क दिले नाहीत. ते शाळेत रसायनशास्त्र शिकवायचे. प्रयोगात तळाशी बसलेला साका गाळून, वाळवून, तोलून एखादा मुलगा आनंदाने ‘सर, हिशेबाप्रमाणं शंभर टक्के!’ म्हणाला की मास्तर त्याचा कान धरत. ‘लबाडा, गाळायच्या कागदाला काय चिकटलंच न्हाय व्हय रं? काचंला चार कण तरी ऱ्हात्यातच.’ आणि कोणाच्या साक्याचं वजन शंभर टक्क्यांच्या वर गेलं, तर ‘पाणी तोलून आणलंस, जा, वाळव’ म्हणून परत पाठवत.

मी त्याच शाळेत मराठी शिकवायचो आणि खासबाग भागात त्यांचा शेजारी होतो. त्यामुळे मला शाळा सुटली तरी सुटका नव्हती.

तेव्हा देशावर साहेबाचं राज्य होतं, पण मास्तरांच्या लेखी राज्य एकाच गोष्टीचं, जी आधी संपते तिचं. आम्लात खडूचे तुकडे टाकायचे आणि फेस थांबला की वर्गाला विचारायचे, ‘कोण संपलं रं? आम्ल का खडू? जे आधी संपतंय त्येच मालक. दुसरं ढीगभर असंना, नुस्तं बघत बसतंय.’ हे वर्गात ठीक होतं. पण देवळाच्या पंगतीत आचाऱ्याने बुंदीचा ढीग कौतुकाने दाखवला, तेव्हाही हे म्हणाले, ‘बुंदी ऱ्हाऊ दे. पत्रावळी किती हायत?’ पत्रावळी खरोखरच कमी पडल्या. आचारी मात्र त्यानंतर मास्तर दिसले की रस्ता बदलायचा.

मास्तर मूळचे कंग्राळी गावचे. बायको लवकर गेली. घरात ते आणि लेक, आक्का. आक्काच्या हातच्या आमटीचं सगळी गल्ली नाव काढायची. तिला बघायला निपाणीहून तंबाखूचे एक व्यापारी आले, मुलाला घेऊन. शेजारी म्हणून मास्तरांनी मलाही बसवून घेतलं होतं. स्थळ चांगलं होतं, मुलगा शिकलेला. आक्काने पोहे आणताना त्याच्याकडे चोरून पाहिलं आणि तिचे कान लाल झाले. मी मनात म्हटलं, आता मास्तरांनी तोंड आवरलं म्हणजे मिळवली.

‘मुलीला स्वैपाक कसा येतोय?’ व्यापाऱ्यांनी विचारलं.

‘साठ टक्के,’ मास्तर म्हणाले.

मी कपाळाला हात लावला. आक्का दाराआड गेली. मी खोकून पाहिलं, मास्तरांचं धोतर ओढून पाहिलं. काही उपयोग नाही. ‘शिवण चाळीस. गाणं तर धरूच नका,’ त्यांची गाडी सुरूच. संतापून मला वाटलं, ह्या माणसाने पोटच्या पोरीलाही गाळायच्या कागदातून काढलं!

व्यापाऱ्यांनी मिशीवरून हात फिरवला. मग म्हणाले, ‘मास्तर, गाडीभर हिरवं पान आणलं तर वाळल्यावर किती उरतंय, मला ठावं हाय. शंभर सांगणाऱ्याचा माल मी हातात धरत न्हाय. तुमी घट धरून सांगितलंसा. पोरगी आमची झाली!’

मास्तरांचं तोंड उघडंच राहिलं. मला वाटलं, आनंदाने.

लग्न थाटात झालं. वऱ्हाड निपाणीला गेलं आणि दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे डोकावलो. मास्तर चुलीपुढे नुसते बसले होते. चूल पेटवलेली नव्हती.

‘काय मास्तर, तुमचा खरेपणा कामाला आला की!’

‘कसला खरेपणा, अण्णा?’ ते वर न बघता म्हणाले. ‘तिच्या हाताला काय चव हाय, मला ठावं न्हाय व्हय? मुद्दाम कमी सांगिटलं. म्हटलं, पाव्हणा उठून जाईल. आनी एक वरीस तरी ऱ्हाईल पोरगी घरात.’ मग कसनुसं हसले. ‘जल्मात पहिल्यांदा खोटं मार्क दिलं, त्येबी वाया गेलं बघा.’

मला गलबलून आलं. म्हटलं, ‘मास्तर, उठा. आजपासून आमच्याकडंच जेवायचं.’

‘येतो की. पर आज नगं,’ ते म्हणाले. ‘जाताना तिनं शेंगाची चटणी करून ठेवलीया. ती हाय तंवर घरातच जेवतो.’