लिटरला अठरा, आणि मागे धाकटी

या, असे पुढे सरकून बसा. आजची गोष्ट मागे राहिलेल्याची आहे, तेव्हा ऐकणाऱ्यांपैकी तरी कुणी मागे राहू नये. एका नकाशेवाल्याची, त्याच्या घोडीची आणि एका फार चांगल्या गाडीची ही हकिकत. हसू आलं तर हसा. देव हसणाऱ्यावर रागावल्याचं मी अजून ऐकलेलं नाही.

पाणीपुरवठ्याच्या कचेरीत, वरच्या मजल्यावर बसून हा गृहस्थ जमिनीखालच्या नळांचे नकाशे काढी. निळ्या शाईची रेघ ओढली की तीतून पाणी वाहताना त्याला दिसे, आणि त्या पाण्याबरोबर तोही कुठच्या कुठे निघून जाई. त्याची बायको दवाखान्यात परिचारिका. ती म्हणे, "जेवायला तुमचं शरीर येतं. तुम्ही कधी येणार ते कळवा, पोळ्या तेव्हा टाकीन."

घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक घोडी होती. लेक लग्न होऊन दूर गेली आणि तिची घोडी इथेच राहिली, म्हणून घरात तिचं नाव धाकटी. वय एकोणीस, स्वभाव गरीब, गुडघे धरलेले. जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, हिला आठवड्यातून दोनदा टेकडीपलीकडच्या तळ्यात, उथळ पाण्यात चालवा. तेवढ्यासाठी गाडीला ट्रेलर जोडायचा, आणि एरवी त्याच गाडीनं रोज कचेरी गाठायची. या दोन संसारांना कंटाळून जुनी गाडी एक दिवस चौकात बसली ती उठलीच नाही.

"दोन गाड्या पोसणं आपल्याला झेपायचं नाही," बायको म्हणाली. "घोडी ओढेल आणि रोजच्याला तेल कमी पिईल, अशी एकच गाडी सोमवारपर्यंत बघा. नाहीतर धाकटीला डॉक्टरांच्या कुरणात पाठवू. ते ठेवून घेतो म्हणालेत."

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी शेडमध्ये जाऊन तो धाकटीच्या मानेला टेकून उभा राही. तीही मान हलवत नसे. दोघं मिळून काय बघत असत, ते त्यांनाच ठाऊक.

शोरूमवाल्याकडे त्याच्या ऐपतीच्या दोनच गाड्या निघाल्या. एक छोटी पिकअप, आधी कुणीतरी वापरलेली. ती त्यानं धाकटीसकट चालवून पाहिली. लिटरला अठरा देई. धाकटीचं वजन कागदोपत्री तिला झेपत होतं, पण चढावर ती बैलासारखी मान खाली घालून चाले, आणि मागे धाकटीनं पाय बदलला तरी पुढे स्टिअरिंगला कळे. दुसरी नवी, मोठी, ढगासारखी पांढरी.

"ही लिटरला किती देते?" त्यानं विचारलं.

"ते चालवणाऱ्याच्या हातावर आहे, साहेब. पण मागे हत्ती बांधा, तुम्हाला पत्ता लागायचा नाही. शुक्रवारी घेऊन जा, दिवसभर वापरून बघा. मग तुम्हीच तिला सोडायचे नाही."

शुक्रवारी उजाडताच त्यानं ट्रेलर जोडला, धाकटीला चढवलं. बेत साधा होता: आधी तळं, मग घरी तिला सोडून कचेरी. रस्त्यावर धुकं उतरलं होतं. गाडी चालत नव्हती, तरंगत होती. ना धक्का, ना आवाज. झाडं आपणहून बाजूला होत होती. त्याला वाटलं, आपणच एका निळ्या रेघेतून वाहतोय, आणि ही रेघ कुठेतरी समुद्राला मिळणार. बंद पेट्रोल पंपापाशी रस्ता फुटतो. डावीकडे तळं, उजवीकडे कचेरी. बावीस वर्षांच्या सवयीचे हात. ते उजवीकडे वळले. त्यानं आवारात झाडाच्या सावलीत गाडी लावली, किल्ली खिशात टाकली, आणि जिना चढून तो थेट नकाशात शिरला.

आता त्या दिवशी कचेरीत लोखंडी कपाटं यायची होती. रखवालदारानं चारी बाजूंनी बंद ट्रेलर पाहिला आणि वहीत लिहून टाकलं, 'कपाट, नग एक'. तेवढ्यात आतून ठोका आला. कपाटाचं दार निसटलं असेल, काच फुटायला नको, म्हणून त्यानं ट्रेलरची मागची फळी खाली घेतली. कपाट शेपटीकडून उतरलं, त्याच्याकडे एकदा सौम्यपणे बघितलं आणि पायऱ्या चढून तळमजल्यावरच्या दिवाणखान्याएवढ्या तक्रार विभागात गेलं. रखवालदार वहीकडे बघत राहिला. शाईनं लिहिलं होतं.

धाकटीला लेकीनं लहानपणी एक शिस्त लावली होती: पुढे कुणी उभं असलं की त्याच्या मागे गप्प उभं राहायचं. तक्रारीच्या खिडकीपुढे रांग होती. धाकटी रांगेत लागली. तिच्या मागे एक शिंपी येऊन उभा राहिला. रांग सरकली तशी तीही सरकली, आणि यथाकाल तिचा नंबर आला.

खिडकीतल्या बाईंनी मान वर केली नाही. "तक्रार काय?"

धाकटी काही बोलेना, तेव्हा शिंपी म्हणाला, "पाणी नाही मिळालेलं."

"कधीपासून?"

"चेहऱ्यावरून सकाळपासून वाटतंय."

"घरात माणसं किती?"

"ते तिला विचारा, बाई. मी नुसता मागे उभा आहे."

नेमका तेव्हाच वर नकाशेवाल्याचा फोन वाजला.

"कशी आहे गाडी?" बायकोनं विचारलं.

"अगं, काय सांगू," तो अजून वाहतच होता. "मागे काही आहे असं वाटतच नाही."

"बरं. मग धाकटी चालली का पाण्यात?"

निळी रेघ तिथेच थांबली. मग बायकोला जिन्यावरून धावणारे पाय ऐकू आले, आणि तीही दवाखान्यातून निघाली.

तो खाली पोचला तेव्हा थोरले साहेब घोडीसमोर उभे होते. "हे जनावर कुणाचं?"

तो पुढे झाला. "माझी आहे, साहेब. मागे होती. मी विसरलो."

साहेबांनी चष्मा पुसला. "तक्रार नोंदवली का बाई?"

"हो साहेब. पाणी नाही."

"मग बादली आणा. नंबर लागलाय तिचा."

त्या कचेरीत पाच मिनिटांत मिटलेली ती एकच तक्रार.

बायको आली ती पांढऱ्या गणवेशातच. आधी तिनं घोडीचे चारही गुडघे चाचपले, डोळे बघितले, मग नवऱ्याकडे वळली. तो मान खाली घालून म्हणाला, "तू म्हणतेस तेच खरं. कुरणातच पाठवू तिला. मी तिच्या लायकीचा नाही."

"गाडी बघायला तुम्ही वर्ष लावलं असतं, म्हणून कुरणाचं नाव घेतलं," ती म्हणाली. "डॉक्टरांना मी विचारलेलंही नाही." मग पुढे म्हणाली, "ती छोटी गाडी घ्या. चढावर रडते म्हणालात ना ती?"

"रडते. आणि धाकटीनं नुसता पाय हलवला तरी हातात कळतं."

"मग तीच."

शोरूमवाल्याला अजून उलगडा झालेला नाही, की इतकी गुळगुळीत गाडी माणसानं कशापायी परत केली. छोटी गाडी मात्र रोज कचेरीला जाते, लिटरला अठरा देते. ट्रेलर नसला तरी बंद पेट्रोल पंपापाशी नकाशेवाला एकदा आरशात बघून घेतो.

तेव्हा मंडळी, आता उठा, सावकाश जा. एवढंच मागणं आहे: वाट कधी फार सोपी झाली, हाताला ओझं लागेनासं झालं, तर क्षणभर थांबा. तुमच्यामागे कुणीतरी रांगेत गप्प उभं असेल. त्याची आठवण ठेवा, आणि बादलीभर पाणी न्या.