डॉसोबाचा मध आणि वरच्या रानातली ढोली

एका जंगलात, बाळांनो, दोन जंगलं होती. हसू नका, सरकारी कागदावर असं होतं.

खालचं रान जुनं आणि चिंचोळं. तिथे पत्ता सांगायचा तो ओळ आणि पाऊल असा. चौथी ओळ, सातवं पाऊल म्हटलं की तिथे जे झाड असेल ते. कोणीही कोणाच्याही ढोलीत हात घाली, म्हणून भांडणं रोजची.

मग वर पठारावर 'संरक्षित वन' झालं. जागा अफाट. तिथे प्रत्येक झाडाला एक बिल्ला, आणि पत्ता सांगायचा तो बिल्ला आणि फांदी असा. कोणता बिल्ला म्हणजे कोणतं झाड, हे फक्त पहारेकरी वानराच्या वहीत. दुसऱ्याच्या ढोलीत नाक खुपसलं की वानर शेपटी धरून बाहेर काढी. शिकलेसवरलेले सगळे प्राणी वर राहायला गेले.

मध मात्र खालीच राहिला, डॉसोबा नावाच्या म्हाताऱ्या अस्वलाच्या गुहेत. मध हवा तर कड्यावरची घंटा एकवीस वेळा वाजवायची आणि पत्ता सांगायचा. डॉसोबा हातातलं काम टाकून उठे, त्या जागी मध ओती आणि "काम झालं" म्हणून ओरडे. तिथे कोण राहतं, हे तो कधी बघत नसे.

एकदा वरच्या भिवराक्का साळिंदरीच्या लेकीला डांग्या खोकला झाला. वैद्य घुबड म्हणालं, "उद्यापर्यंत पोटात मध गेला पाहिजे. नाहीतर माझ्या हातात काही नाही."

भिवराक्का धावत कड्यावर आली. एकवीस टोले दिले. "डॉसोबा, बिल्ला चार, फांदी सात. लवकर करा हो, पोर गुदमरतंय."

डॉसोबाने चार आणि सात एवढंच ऐकलं. चौथी ओळ, सातवं पाऊल. तिथे म्हादू ससा झोपला होता. त्याच्या अंगावर घागरभर मध पडला.

"काम झालं," डॉसोबा ओरडला.

भिवराक्काची ढोली कोरडीच. तिने पुन्हा घंटा वाजवली, या वेळी जास्त जोरात. म्हादूवर दुसरी घागर आली.

ती वानराकडे गेली. वानर वही उघडून म्हणाला, "बिल्ला चार, फांदी सात. तुमचा पत्ता बरोबर आहे." तिने खाली विचारलं, तर डॉसोबा म्हणाला, "चार, सात. बरोबर जागी ओतलाय." दोघंही खरं बोलत होते. पोर खोकतच होती.

वरच्या प्राण्यांनी सभा घेतली. डॉसोबाला बिल्ल्यांची पद्धत शिकवावी, असं ठरलं.

"मला वर चढवत नाही," डॉसोबा खालून म्हणाला. "वही वाचता येत नाही. ओळ सांगा, पाऊल सांगा, मी ओततो."

सभेने प्रशिक्षण समिती नेमली. पहिली बैठक पुढच्या महिन्यात.

तेवढ्यात म्हादू चिकट अंगाने भांडायला वर आला. पोरीची उबळ ऐकली आणि त्याचा राग ओसरला.

"अक्का, त्याला तुमचं घर सांगूच नका," तो म्हणाला. "माझ्या शेजारी पाचव्या ओळीत, दुसऱ्या पावलावर एक ढोली रिकामी आहे. तो पत्ता द्या. तिथून आपण वर आणू."

"बिल्ल्याशिवाय हात घालता येणार नाही," वानर म्हणाला.

"मग द्या बिल्ला. खाली त्या ढोलीला ओळ-पाऊल राहू दे, वर तुमचा बिल्ला."

वानराने डोकं खाजवलं आणि वहीत नोंद केली. ढोली होती लहान. वाटीभर मध मावायचा. घंटा, ओतणं, वर नेणं, परत घंटा. संध्याकाळपर्यंत तीन वाट्या झाल्या. पोरीची उबळ थांबली आणि ती शांत झोपली. भिवराक्काने रडत रडत म्हादूला मिठी मारली. त्याला बरेच काटे टोचले.

आता सगळं संरक्षित वन त्याच एका ढोलीपुढे रांग लावतं. वर्धापनदिनाला वानर भाषण करतो, की आपलं खालच्या रानावाचून काही अडत नाही. टाळ्या पडतात. मग मधाचं सरबत येतं, जरा उशिरा, कारण रांग मोठी असते.

तात्पर्य : न बदलणाऱ्याला शिकवण्यात पोरं दगावतात. त्याच्या हाताला लागेल अशी एक रिकामी जागा धरावी, तो ओतेल ते मुकाट वर वाहून न्यावं, आणि याला प्रगती म्हणावं. संगणकवाले हेच डॉस म्हणजे जुनी प्रणाली, बफर म्हणजे मधली ढोली आणि प्रोटेक्टेड मोड म्हणजे वरचं रान, अशी नावं देऊन सांगतात, म्हणून ते हुशार आणि आपण हमाल.