नानांचं आजचं तोंड

आमच्या सुकलाल नानांना ‘काय नाना, कसे आहात?’ असं चुकूनही विचारू नये. ते खरं सांगतात.

बाकी जग या प्रश्नाला ‘मजेत’ म्हणून पुढे जातं. नाना थांबतात. हातातला चहा खाली ठेवतात, छातीवर पंजा ठेवतात आणि म्हणतात, “थांबा ताई, जीवले इचारू द्या.” मग जीव आणि नाना यांची काही वेळ बोलणी चालतात. तोवर विचारणाऱ्याने उभं राहायचं. मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा माझी रिक्षा निघून गेली होती.

नाना आमच्या ट्रान्सपोर्ट कंपनीच्या धुळे शाखेत गेटवर असतात. हायवेला लागून आमचं आवार आहे. कुठला ट्रक आत आला, कुठला बाहेर गेला, याची नोंद तेच ठेवतात; नानांशिवाय पान हलत नाही. निवृत्तीचं वय कधीच उलटून गेलंय. दर वर्षी मुदतवाढ मिळते, आणि तिचा कागद माझ्या टेबलावरून साहेबांकडे जातो. ऑफिसातलं जे काम कुणाचंच नसतं ते सगळं माझं.

म्हणूनच ‘आनंदी’ही माझ्याच गळ्यात पडलं. मुख्य कार्यालयातल्या कुणाला तरी साक्षात्कार झाला, की कर्मचारी सुखी तर कंपनी सुखी. आता सुखी करणं महागात जातं, म्हणून त्यांनी सुख मोजायचं ठरवलं. प्रत्येकाच्या मोबाइलवर ‘आनंदी’ नावाचं ॲप आलं. रोज सकाळी ते विचारतं, ‘आज कसं वाटतंय?’ खाली पाच तोंडं. खदखदून हसणारं, हसरं, मधलं, उदास आणि रडकं. त्यातलं एक दाबायचं, की हजेरी लागली. वाटलं तर कारणही लिहायचं. महिनाअखेरीस सर्वांत आनंदी शाखेला ढाल.

आम्ही सगळ्यांनी पहिल्या दिवसापासून खदखदून हसणारं तोंड दाबलं. गाडी स्टँडला लावता लावता अंगठा आपोआप तिकडे जायचा. मी तर एकदा डोळे पुसत पुसत ते दाबलं आहे. घरून भांडून निघाले होते. आमच्याकडे भांडणंसुद्धा मोबाइलवरच होतात. नवरा हॉलमधून लिहितो, मी स्वयंपाकघरातून उत्तर देते. समेट झाला की दोन्हीकडून एकेक बदाम जातो. प्रत्यक्ष तोंडं बघायची वेळ येत नाही.

जळगाव शाखा तर आमच्याही पुढे. त्यांचा एक ड्रायव्हर पाय मोडून दवाखान्यात पडला होता, तोही पठ्ठ्या दररोज सकाळी खदखदून हसत होता. ढाल अर्थातच जळगावला गेली. आमच्या साहेबांना धुळ्याने हरणं सोसतं, पण जळगावकडून हरणं सोसत नाही. त्यांनी अहवाल उघडून बघितला तेव्हा आमचा आनंद कुठे गळतोय ते सापडलं. गेटवर गळत होता.

नानांनी ॲपचा प्रश्न जसाच्या तसा मनावर घेतला होता. खुर्चीत बसायचं, चष्मा लावायचा, जीवाला विचारायचं आणि मग दाबायचं. वर एका बोटाने टाइप करून कारण लिहायचं. एके दिवशी उदास, कारण चहात अद्रक नव्हतं. एके दिवशी रडकं, कारण शेजाऱ्याच्या बकरीने मेथीचा वाफा फस्त केला. एकदा मधलं आलं म्हणून मी जरा सुखावले, तर खाली लिहिलेलं, ‘पोरना फोन उना पन दाढ दुखस.’ पोराच्या फोनच्या आनंदातून दाढेची वजाबाकी करून नाना मधल्यावर थांबले होते.

उदास दाबलं की ॲपला आपली काळजी वाटू लागते. ते म्हणतं, डोळे मिटा, दीर्घ श्वास घ्या, समुद्राची कल्पना करा. आम्हाला हे ठाऊकच नव्हतं, कारण आमच्यापैकी कुणी तिथवर पोचलंच नव्हतं. नाना पोचले. सावद्याहून केळी घेऊन आलेले ट्रक गेटपासून हायवेपर्यंत उभे, हॉर्नचा नुसता गोंगाट, आणि नाना खुर्चीत डोळे मिटून बसलेले. मी धावत गेले. त्यांनी एक डोळा उघडून शांतपणे विचारलं, “ताई, समुद्र तं मी पाह्येलच नही. पांझरा चाली का?”

मी म्हटलं, आपली नदीही चालेल, पण गेट उघडा.

साहेबांनी नानांना बोलावून समजावलं. नाना, रोज हसरं दाबायला काय जातं? नानांनी विचारलं, मग विचारता कशाला? अडचणीचा प्रश्न आला की साहेबांचा आवाज चढतो, तसा तो चढला. नाना निघून गेल्यावर ते मला म्हणाले, की उद्या सकाळी गेटवरून हसरं तोंड आलं नाही तर नानांच्या मुदतवाढीचा कागद माझ्याकडे आणूच नका. एका म्हाताऱ्याची नोकरी एका बटणाला टांगलेली. मला नानांचाही राग आला. इतका कसला हट्ट? खोटं हसण्यावर अख्ख्या जगाचा गाडा चाललाय.

त्या संध्याकाळी मी तडक देवपुरात नानांच्या घरी गेले. बायको आजारी असते, याच्यापलीकडे त्यांच्या घरचं आम्हाला काही माहीत नव्हतं. नानांनी दार उघडलं, हात पिठाने भरलेले. आत खाटेवर त्यांच्या पत्नी, अक्का, बसल्या होत्या. मी नमस्कार केला. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. ओठ एका बाजूला ओढलेला, गाल उतरलेला. त्यांना मी आलेलं आवडलं की नाही, काहीच कळेना.

आणि खाटेशेजारच्या भिंतीवर ‘आनंदी’ होतं. गेरूने काढलेली पाच तोंडं. चित्रकला नानांची, हसऱ्याचे कान मोठे झालेले, उदासाला मिश्या आलेल्या.

“लकवा मारी गया, ताई,” नाना पोळपाटाशी बसत म्हणाले. “वाचा गयी. तोंड वाकडं व्हयी गयं. ती हासनी का रडनी, माले समजेच नही. वाटी फेकी दे, मी म्हनू भूक नही. तिले पाह्यजे व्हतं दुसरंच.”

मग ऑफिसात ते ॲप आलं. नानांनी पहिल्याच दिवशी मोबाइल घरी नेऊन अक्कांपुढे धरला. पण मोबाइल दिवसभर गेटवर लागतो, म्हणून तोंडं भिंतीवर उतरवली. आता रोज सकाळी नाना विचारतात आणि अक्का बोट ठेवतात. संध्याकाळी नाना आपलं दिवसाचं तोंड सांगतात, कारणासकट. बकरी, अद्रक, दाढ, सगळं.

“पहिले ती माले बरं वाटो म्हनीसन हासनारंच दखाडे. मी तिले सांगं, तू खोटं दखाडू नको, मी बी खोटं दाबसू नही.” नानांनी पोळी तव्यावर टाकली. “आते तुम्हीच सांगा ताई, मी कसं दाबू?”

मुदतवाढीचा विषय जिभेवर होता, तो गिळला. भिंतीकडे बघत बसले. मधलं तोंड रोज बोट लागून पार पुसट झालेलं. नानांचं लक्ष गेलं. ते म्हणाले, आधी शेवटचं रडकं पुसून जायचं, रोज नवीन काढावं लागायचं; आता हे मधलं पुसतंय. ते हे मोठ्या अभिमानाने म्हणाले.

तेवढ्यात अक्कांनी माझा हात धरून भिंतीकडे ओढला. माझी पाळी होती. सवयीने माझं बोट पहिल्या तोंडावर गेलं. अक्कांनी मान हलवली आणि बोट तिथून काढलं.

“जीवले इचारा,” नाना तव्यापाशी बसूनच म्हणाले.

विचारायला मला बराच वेळ लागला. मग मी त्या मिश्यावाल्या उदास तोंडावर बोट ठेवलं. अक्का खाटेवर सरकल्या आणि शेजारची जागा हाताने थोपटली. मी बसले. कारण कुणी विचारलं नाही. गरम पोळी मात्र ताटात पडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळ्यात आधी ॲपवर गेटचं तोंड बघितलं. खदखदून हसणारं! खाली नानांचं कारण, ‘काल घर पाव्हनी उनी. तिनी दुसरं दखाडं.’ तिनी म्हणजे अक्कांनी, आणि दुसरं म्हणजे हसरं. मी खिडकीतून गेटकडे पाहिलं. नाना नेहमीसारखे एका ड्रायव्हरवर ओरडत होते.

साहेब खूश होऊन बाहेर आले. नानांना वठणीवर कसं आणलंत, म्हणाले. मुदतवाढीच्या कागदावर उभ्याउभ्याच सही केली. मग हातातल्या मोबाइलकडे बघून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

“अहो ताई, आज तुमचं उदास? काय झालं तुम्हाला?”

ढालीच्या काळजीने का होईना, त्यांनी विचारलं होतं. मी चहा खाली ठेवला.

“थांबा साहेब,” मी म्हटलं, “जीवाला विचारून सांगते.”