बायको पगारपत्रकावर

आयकर भरणारी माणसं सूर्यभान गावंडेला मुळातच बावळट वाटायची आणि पगारदार मंडळी तर दयेलाही अपात्र. "पैसा हातात याच्या आंधीच कापून घेतात, अन् हे येडे तरी खुश!" असं तो अमरावतीतल्या आपल्या फ्लेक्स छपाईच्या दुकानात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचा. त्यामुळे त्याचे जुने कर सल्लागार नत्थुजी यांनी फोनवर यंदाच्या कराचा आकडा सांगितला, तेव्हा तो खुर्चीतून ताडकन उठला.

"नत्थुजी, आकडा चुकला अशीन."

"चुकला नाही. धंदा चांगला झाला न. भरून टाका अन् निवांत झोपा."

"निवांत झोपायले सल्लागार कायले पाह्यजे?" असं म्हणून सूर्यभाननं फोन आपटला. कर भरला, पण घरात कोणी गेल्यासारखा चेहरा करून. आणि पुढच्या वर्षी ही नामुष्की नको म्हणून त्यानं अकोल्याची बस धरली.

अकोल्यात नितेश नावाचा एक कर नियोजनकार होता. मोबाईलवर त्याच्या चित्रफिती फिरायच्या, त्यात तो बोट रोखून कर वाचवण्याच्या युक्त्या सांगायचा. मे महिन्यात कोट घालून बसणारा अख्ख्या जिल्ह्यात बहुधा तो एकटाच. वीज गेली असती तर जागीच शिजला असता, पण सूर्यभानला तो कोट पाहूनच अर्धा कर माफ झाल्यासारखं वाटलं.

"वहिनी काय करतात?" नितेशनं विचारलं.

"काई नाई. घरीच असते."

आरती पहाटेपासून रात्रीपर्यंत जे करायची, त्याला गावंड्यांच्या घरात 'काई नाई' असंच म्हणायची पद्धत होती.

"शिक्षण?"

"डिप्लोमा हाये चित्रकलेचा. कमर्शियल आर्ट का काय म्हणतात ते."

नितेशचे डोळे चमकले. "मग काम झालं, भाऊ! एरवी बायकोला पगार दाखवला तर तो फिरून नवऱ्याच्याच उत्पन्नात धरतात. पण त्या कामाचं शिक्षण असलं अन् ती खरोखर काम करत असली, तर पगार तिचा. वहिनींना चीफ डिझायनर करा. जाडजूड पगार द्या. तुमचं उत्पन्न कमी, कर कमी."

"अन् पगार?"

"घरातच येते न!"

'खरोखर काम करत असली' हे शब्द सूर्यभाननं ऐकलेच नाहीत. त्याला आता चव लागली होती. "अजून कमी करा," तो म्हणाला. मग घरचा फ्रिज दुकानाचा झाला. चिखलदऱ्याची सहल व्यावसायिक दौरा झाली. त्याच्या आईची, पार्वताबाईंची कवळी यंत्रदुरुस्तीत गेली. नितेश जरा घुटमळला, पण फी वाढवून मिळताच त्याचं घुटमळणं थांबलं. जाताना त्यानं पुण्याच्या कुठल्याशा कंपनीचं नियुक्तिपत्र नाव बदलून छापून दिलं.

"सही कर," सूर्यभान घरी येऊन म्हणाला. आरती कणीक मळत होती.

"वाचू तं द्या."

"त्यात वाचाचं काय हाये?"

तिनं हात धुतले, पदराला पुसले आणि ओट्याला टेकून दोन्ही पानं सावकाश वाचली. मग एकदा नवऱ्याकडे पाहिलं आणि सही केली. सूर्यभानला वाटलं, बायको साधी आहे.

दुसऱ्या दिवशी तो दुकानात पोचला, तर आरती आधीच कॉम्प्युटरपुढे बसलेली. मशीन चालवणारा श्याम तिला माऊस पुसून देत होता.

"तू काहून आली?"

"नोकरीवर."

"अवं, ते कागदावर होतं!"

"मंग कागदावर लिवलं तसंच करून राह्यली. खोटं लिवलं का तुमी?"

श्याम कान टवकारून उभा होता. सूर्यभाननं घसा खाकरला आणि पंखा मोठा केला.

दुपारी त्यानं सवयीनं हाक मारली, "आरती, चहा मांड."

"ते माया कामात येत नाई. पान दुसरं."

घरचा डबा बंद झाला. सूर्यभान आईकडे तक्रार घेऊन गेला, तर पार्वताबाई नवी कवळी बसवत म्हणाल्या, "मले कोनी पगार देला असता, तं म्याबी गेली असती. वांगे चिरून ठेवले हायेत. फोडनी तूच दे."

त्याहून वाईट म्हणजे आरतीचं काम चांगलं होतं. सूर्यभान फ्लेक्स करायचा तेव्हा पुढाऱ्याचं तोंड रिकाम्या जागेप्रमाणे लांब नाहीतर रुंद व्हायचं, आणि पुढारीही ते आपलंच समजून हार घालून घ्यायचे. आता फ्लेक्सवरचा माणूस ओळखू येऊ लागला. गिऱ्हाईक दारातून विचारायचं, "मॅडम हायेत का?" आणि नाहीत म्हटलं, की सूर्यभानकडे न बघता परत जायचं.

महिना भरला. पगार आरतीच्या खात्यात गेला.

"कार्ड दे," सूर्यभान म्हणाला.

"कोनाचं?"

"तुयं."

"तुमचं कार्ड मी कधी मांगतलं?"

श्याम हे सगळं बघत होता. त्याचा पगार आजवर मूठमूठ मिळायचा. थोडा आज, थोडा पोळ्याला, उरलेला 'पाहू'. त्यानं मॅडमसारखी पगारचिठ्ठी मागितली. सूर्यभाननं नितेशला फोन लावला, तर तो म्हणाला, "द्याच, भाऊ. एकट्या बायकोचंच पगारपत्रक असलं, तर बाहेरच्याला लगेच वास येते." श्यामचाही पगार तारखेला बँकेत जमा होऊ लागला. उचल बंद झाल्यानं त्याची बायको सूर्यभानला पहिल्यांदाच भला माणूस म्हणाली. ते त्याला शिवीसारखं लागलं.

शेवटी एक दिवस तो टेबलावर हात आपटून ओरडला, "तुले काढून टाकलं!"

"कारन लेखी द्या. तीन महिन्याची नोटीस," आरती स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाली. "आवाज चढवाचा नाई, हेबी लिवलं हाये त्यात."

नितेश फोनवर शांत होता. "खुशाल काढा. पण मग कोणी विचारलं, की ही नोकरी खरी होती का दाखवायची, तर? अन् मग बाकीची बिलंही निघतात. यंत्रदुरुस्तीच्या बिलावर दाताच्या डॉक्टरचा शिक्का हाये, भाऊ."

सूर्यभाननं आरतीला काढलं नाही. पुढच्या पावसाळ्यात नितेशनं त्याचं विवरणपत्र भरलं. कर इतका किरकोळ आला, की सूर्यभाननं तो कागद श्यामलाही दाखवला. सगळा अपमान वसूल झाला असं त्याला वाटलं.

दिवाळीच्या तोंडावर छपाईची मशीन बंद पडली. मेकॅनिक नागपूरहून आला, झाकण उघडून त्यानं मान हलवली आणि येण्याजाण्याचे पैसे मागितले. शुभेच्छांच्या फ्लेक्सची कामं दारात पडली होती. शेजारच्या गल्लीतला छपाईवाला ती उचलायला टपूनच होता. नवी मशीन लगेच पाहिजे होती. सूर्यभान आरतीला हिशेब सांगायला बरोबर घेऊन पतसंस्थेत गेला.

तिथल्या कर्ज अधिकारी पौर्णिमाबाईंनी त्याचं विवरणपत्र उलटंसुलटं करून पाहिलं.

"गावंडे, हे उत्पन्न खरं आहे?"

खोटं म्हणावं तर चोर ठरतो. "खरं हाये," सूर्यभान पुटपुटला.

"यावर शिलाई मशीनचंही कर्ज बसत नाही. एवढं दुकान थाटून एवढंच मिळत असेल, तर तुम्ही कुठे नोकरी का नाही पाहत?"

सूर्यभानचा चेहरा काळवंडला. तोवर बाईंनी आरतीनं पुढे सरकवलेल्या पगारचिठ्ठ्या चाळल्या आणि त्यांचा सूर एकदम मऊ झाला. "मॅडम, तुम्हाला देता येईल. मशीन तुमच्या नावावर राहील. एक जामीनदार लागेल."

"मी हाये न!" सूर्यभान पुढे सरकला.

"या उत्पन्नावर?"

श्यामला बोलावलं. तो शाईच्या हातांनी आला, पगारचिठ्ठी दाखवली आणि जामीनदार म्हणून सही करून खुर्चीत ऐटीत बसला.

"आता मालकाचा दाखला," बाई म्हणाल्या. "कर्मचारी कशी आहे, नोकरी टिकणार का, ते लिहून द्या. गावंडे, हे काम तुमचं."

सूर्यभान कोपऱ्यातल्या टेबलाशी बसला. लग्न झाल्यापासून त्यानं बायकोबद्दल चांगला शब्द काढला नव्हता, त्यामुळे सुरुवात कशी करतात हेच त्याला माहीत नव्हतं.

"वर्तनूक काय लिवू?" त्यानं हळूच विचारलं.

"खरं अशीन ते लिवा," आरती म्हणाली.

त्यानं पेन चावलं. खोटं लिहायची सवय होती, पण इथे खोटं लिहिलं तर मशीन जात होती. बऱ्याच वेळानं त्यानं कागद पुढे केला. पौर्णिमाबाईंनी तो मोठ्यानं वाचला. "'वर्तणूक चांगली. कामात हुशार. यांच्यावाचून दुकान चालणार नाही.' म्हणजे नोकरी कायम समजायची?"

"हो."

"ऐकू आलं नाही."

"कायम!" सूर्यभान ओरडला. अख्ख्या पतसंस्थेनं मान वळवली.

आरतीनं तो कागद हातात घेतला. एकदा वाचला, मग पुन्हा वाचला. तिच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं, पण तिनं ते तिथेच थांबवलं.

"याची झेरॉक्स लागन," ती म्हणाली. "दोन काढा. एक पतसंस्थेले, एक मले."

श्यामनं उठायचं नाटक केलं आणि परत बसला. सूर्यभाननं इकडेतिकडे पाहिलं, कागद घेतला आणि ऑक्टोबरच्या उन्हात झेरॉक्सचं दुकान शोधायला निघाला.