हुकावरची जागा

गाडीच्या मागे लटकून प्रवास करायला आमच्या सायकलीने नकार दिला, तेव्हा हुक बसवून झाला होता.

हुक चांगला होता. हवा तेव्हा लावावा, नको तेव्हा काढून डिकीत ठेवावा. त्यावर सायकलीचा स्टँड बसतो. आमची सून मुक्ता हिने तो खास वत्सलासाठी बसवून घेतला होता. वत्सला माझी पत्नी. दोन्ही गुडघे बदलल्यावर डॉक्टरांनी तिला सायकलीची परवानगी दिली, आणि तिला ती मुरुडच्या ओल्या वाळूवर चालवायची होती, जिथे ती लहानपणी शिकली. सायकलही घरातली ही जुनीच हवी होती. दुसऱ्या कुठल्याही सायकलीवर तिला पडायची भीती वाटते.

गॅरेजवाल्या साळुंख्यांनी सायकलीला कारण विचारलं.

"या घरात मी आणि वत्सला एकाच दिवशी आलो," सायकल म्हणाली. "गाडी परवा आली. तिच्या पाठीमागे मी टांगून घेणार नाही."

साळुंख्यांनी मान डोलावली. जुन्या सायकली हा मुद्दा काढतात आणि तो बरोबर असतो, असं त्यांचं मत पडलं. सायकलीला पुढची सीट हवी होती. तिथे मी बसतो. मागची सीट वत्सलाला पाय लांब करायला लागते.

कोणीही माझ्याकडे पाहिलं नाही. त्या सौजन्याबद्दल मी आजही ऋणी आहे.

"राहू दे," वत्सला म्हणाली. "पुढच्या वर्षी बघू."

मी आयुष्यभर संख्याशास्त्र शिकवलं. आमच्या वयात पुढच्या वर्षाची शक्यता किती, ते मला काढता येतं. मला ते काढायचं नव्हतं. मी विचारलं, हुकाला वजन किती चालतं?

साळुंख्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुम्ही आणि एक पिशवी. पण सर, नंबर प्लेट झाकली जाईल."

म्हणून दुसरी प्लेट माझ्या गळ्यात अडकवली. पाय बाहेर येत होते, त्यांना नियमाप्रमाणे लाल फडकं बांधलं. वत्सला एवढंच म्हणाली, "अहो, माकडटोपी घाला." मी चूक तर करत नाही ना, असं मी दोनदा विचारलं, मुक्ताने दोन्ही वेळा पट्टा आवळला.

माणगावला पोलिसाने गाडी थांबवली. त्याने आधी प्लेट वाचली, मग मला पाहिलं. कोण, म्हणून विचारलं.

"सासरे," मुक्ता म्हणाली.

त्याने पट्टा ओढून पाहिला आणि जायला सांगितलं.

पुढच्या सीटवर मी नेहमी नसलेला ब्रेक दाबत असतो. येणारा प्रत्येक ट्रक, प्रत्येक वळण मी आधीच भोगून घेतो. हुकावर तोंड मागे असतं. ताम्हिणीचं प्रत्येक वळण मला पार पडल्यावरच दिसलं होतं. खड्डे दिसले, तेही मागे राहिलेले. शक्यता काढायला काही उरलंच नाही. मधूनच वत्सला मागच्या काचेवर टकटक करायची, मी डोक्याने उलट टकटक करायचो.

मुरुडला वत्सलाने ओल्या वाळूवरून पार टोकाच्या कड्यापर्यंत सायकल चालवत नेली आणि परत आणली. ती पडली नाही. मी पायाला फडकं तसंच ठेवून पाहत उभा होतो.

निघताना सायकल गाडीपाशी थांबली. "सर, आता तुम्ही पुढे बसा. माझं काही म्हणणं नाही."

मी तिचे मनापासून आभार मानले, गळ्यात प्लेट घातली आणि मुक्ताला पट्टा बांधायला सांगितलं.