विहिरीचा परवाना

आमच्या पेठेतल्या विहिरीने पोहण्याचे वर्ग काढण्यासाठी नगरपालिकेकडे अर्ज केला. वापरात नसलेल्या विहिरी बुजवायचा ठराव झाला होता. चालू व्यवसाय मात्र सुनावणीशिवाय बंद करता येत नाही. हे तिने मलाच विचारून घेतलं. मी चौतीस वर्षं महाविद्यालयात कंपनी कायदा शिकवला. साध्या टपरीचाही परवाना कधी काढलेला नाही, हे तिला तेव्हाच सांगायला हवं होतं.

“पाणी विकू का?” असं तिने आधी विचारलं होतं.

“नको. पाणी म्हणजे तुम्हीच. स्वतःलाच विकायला कायद्याची परवानगी नाही. असं मला वाटतं. पुन्हा एकदा पाहतो.”

अर्जदार हलू शकत नसेल तर अधिकारी जागेवर येतात. त्याप्रमाणे निरीक्षक लोणकरबाई आल्या. मुरमाने भरलेला डंपर घेऊन ठेकेदार वाघोले त्याआधीच येऊन थांबले होते.

बाईंनी कठड्यावर कागद पसरले. “पत्ता बदलण्याची शक्यता?”

“नाही,” विहीर म्हणाली.

“बरं झालं. लोक फार फिरवतात. आणि धंदा बुडाला तर?”

“माझ्यात बुडालेलं लोक गळ टाकून काढतातच.”

“बाई, डिझेल जळतंय माझं,” वाघोले म्हणाले.

“मग इंजिन बंद करा की.”

मी वर्गाच्या नियमांचा एकसष्ट पानांचा मसुदा पुढे केला. बाईंनी तो हातावर तोलून पाहिला.

“सर, पाहणीच्या वेळी निदान एक विद्यार्थी पाण्यात हवा. कुठाय?”

‘विद्यार्थी’ या शब्दाची व्याख्या मी चार पोटकलमांत केली होती. विद्यार्थी आणायचा राहिला होता. मुलं त्या वेळी शाळेत होती. बाईंनी पेनाला टोपण लावलं. वाघोल्यांनी ड्रायव्हरला खूण केली.

“मास्तर, तुम्हाला पोहता येतं?” विहिरीने विचारलं.

“नाही.”

“मग तुम्ही पात्र आहात.”

मी पोटकलमं पुन्हा वाचली. वयाची कमाल मर्यादा घालायला मी विसरलो होतो. मला चौऱ्याहत्तरावं चालू आहे.

वाघोल्यांनी डंपरमधला रिकामा कॅन आणून माझ्या पाठीला बांधला. “काय ते लवकर करा,” ते म्हणाले, पण गाठ त्यांनी दोनदा ओढून पाहिली.

मी पायऱ्या उतरलो. पाणी छातीपर्यंत आलं, तेव्हा मी विचारलं, “काही झालं तर जबाबदारी कोणाची?”

“माझी. तुम्हीच तसं लिहिलंय. आता पायरी सोडा.”

मी सोडली.

“पाय हलवा, सर,” वरून लोणकरबाई म्हणाल्या. “मला ‘वर्ग चालू’ असं लिहायचंय.”

मी एक पाय हलवला. मग दुसरा. बाईंनी लिहिलं, शिक्का मारला आणि शाई वाळावी म्हणून कागदावर फुंकर घातली. वाघोले कठड्यावरून वाकले.

“मुलींची वेळ वेगळी आहे का? माझी धाकटी पाण्याला भिते.”

“सकाळी सात ते आठ,” विहीर म्हणाली. “अर्ज मास्तरांकडे मिळेल.”

मला लगेच अर्ज देता आला नाही. मी तेव्हा विहिरीच्या मधोमध होतो.